माग दाखवावा, की घर?

येवल्याजवळच्या एका गावातून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांनी नुकतीच तिशी ओलांडली आहे, त्या वाणिज्य शाखेच्या पदवीधर आहेत आणि लग्नानंतर पैठणी विणणाऱ्या कुटुंबात आल्या आहेत. घरात दोन माग असून एकावर सासरे बसतात, दुसऱ्यावर पती. सासूबाई कांड्या भरतात, म्हणजे विणण्याचा धागा छोट्या नळ्यांवर गुंडाळतात. स्वयंपाकपाणी, ग्राहकांचे फोन, हिशेब आणि दुपारी जमेल तेवढे काठाचे विणकाम त्या स्वतः पाहतात. मध्यंतरी त्यांनी मोबाईलवर समाजमाध्यमात स्वतःचे पान उघडून त्यावर मागाची, रेशमाच्या लडींची, स्वयंपाकघराची आणि मागाशेजारी अभ्यास करणाऱ्या अकरा वर्षांच्या मुलीची छायाचित्रे टाकायला सुरुवात केली. त्यातून थेट मागण्या येऊ लागल्या. आता मुंबईच्या एका छायाचित्रकाराने ‘कारागिराचे घर आणि त्याचे काम’ या विषयासाठी दोन दिवस घरी येऊन चित्रण करू देण्याची विनंती केली आहे. सासऱ्यांनी “लुगडं दाखवा, घर कशाला दाखवायचं?” एवढे बोलून विषय मिटवला. पती काहीच बोलत नाहीत. पत्राच्या शेवटी त्या विचारतात, “घर दाखवल्याशिवाय आजकाल विक्री होत नाही, हे जुन्या वळणाच्या माणसाला कसे समजवावे? की हे सगळे बंदच करून टाकावे?”

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात तो सुनेचा आणि सासऱ्यांचा मतभेद वाटला. दुसऱ्यांदा वाचताना मात्र लक्षात आले, की सासऱ्यांचा नकार तुम्ही एका वाक्यात सांगितला आहे आणि त्याचा अर्थही पुढच्याच वाक्यात स्वतः लावून टाकला आहे. ते जुन्या वळणाचे आहेत म्हणून नको म्हणतात, असे तुम्ही धरून चालला आहात. त्यांना नेमके काय नको आहे, हे कोणी विचारल्याचे पत्रात कुठे दिसत नाही. म्हणून त्यांना समजवावे कसे, याआधी त्यांचे म्हणणे काय असू शकेल, ते पाहू.

पैठणीच्या धंद्यात अनेक घरे व्यापाऱ्याच्या रेशमावर आणि जरीवर विणतात, मजुरी घेतात आणि अडीनडीला त्याच्याकडूनच उचल घेतात. तुमच्या घरच्या दोन मागांपैकी एखादा अजून तसाच चालत असेल, तर तुमच्या पानावरचे प्रत्येक छायाचित्र तो व्यापारीही पाहतो, हे सासऱ्यांना तुमच्यापेक्षा जास्त चांगले ठाऊक असणार. ज्या मागावर त्याचा ताणा, म्हणजे साडीचे उभे धागे, चढलेला आहे, त्याच मागाचे चित्र थेट विक्रीच्या मजकुरासोबत गेले, तर उद्या रेशीम देताना तो हात आखडता घेईल, ही भीती अगदी व्यवहारातली आहे. मंदीच्या महिन्यांत थेट ग्राहक नाहीसे होतात आणि तेव्हा घर व्यापाऱ्याच्या मजुरीवरच चालते. हे त्यांनी पूर्वी अनुभवले असेल आणि सुनेपुढे बोलणे त्यांना अवघड वाटत असेल.

दुसरी शक्यता नक्षीची आहे. पदरावर नवी मांडणी चढवली, तिचे चित्र बाहेर गेले आणि ती साडी मागावरून उतरण्याआधीच यंत्रमागावरची तिची स्वस्त नक्कल बाजारात दिसली, ही तक्रार कारागिरांसाठी नवी नाही. याबाबत एक गोष्ट तुमच्यासारख्या सगळ्यांनीच लक्षात ठेवावी. भारताच्या २००० सालच्या डिझाइन कायद्यानुसार नव्या नक्षीची नोंदणी करता येते आणि तिचे संरक्षण आधी दहा वर्षे व पुढे मुदतवाढ घेऊन आणखी पाच वर्षे मिळते. पण अर्ज करण्यापूर्वी ती नक्षी लोकांसमोर प्रसिद्ध झाली असेल, तर तिचे नवेपण संपले असे मानले जाते. तुम्ही स्वतःच हौसेने टाकलेले चित्रसुद्धा तुमच्याच अर्जाच्या आड येऊ शकते. बांगडी मोर, असावली, मुनिया, नारळी काठ ही पैठणीची जुनी नक्षी परंपरेची मालमत्ता आहे. तिच्यावर कोणा एकाला हक्क सांगता येणार नाही. परंतु सासऱ्यांनी किंवा पतीने स्वतःच्या डोक्यातून काही काढले असेल, तर ते नोंदवायचे की नाही हे ठरेपर्यंत त्याचे चित्र बाहेर जाऊ देऊ नका.

तिसरी शक्यता अशी, की त्यांना घरात परका माणूसच नको आहे. हेही कारण पुरेसे आहे. त्यांचे काम त्यांच्या झोपण्याच्या आणि जेवणाच्या जागेपासून चार पावलांवर चालते. कचेरीत काम करणारा माणूस संध्याकाळी दार लोटून घरी येतो. मागावर बसणाऱ्याला ती सोय नाही. ज्याचे घर आणि कारखाना एकाच छपराखाली आहेत, त्याने त्यातला एखादा कोपरा झाकून ठेवू पाहिला, तर त्याला मागासलेपणा म्हणण्याची घाई मी करणार नाही.

आता तुमच्या दुसऱ्या गृहीतकाकडे येते. घर दाखवल्याशिवाय विक्री होत नाही, हे तुम्ही कशावरून ठरवले? स्वयंपाकघराच्या आणि मुलीच्या चित्रांना सर्वाधिक पसंती मिळते, असे तुम्ही लिहिले आहे. पसंतीचे बटण दाबणारा आणि साडीचे पैसे मोजणारा, ही बहुतेक वेळा दोन वेगळी माणसे असतात. तुम्ही वाणिज्य शाखेच्या आहात, म्हणून एक काम सहज करू शकाल. आजवर झालेल्या प्रत्येक थेट विक्रीपुढे वहीत लिहा, की ग्राहकाने पहिला फोन कोणते चित्र पाहून केला, पहिला प्रश्न कोणता विचारला आणि तो कोणाच्या ओळखीने आला. आठवत नसेल तर जुने निरोप चाळा. माझा अंदाज असा आहे, की बरेच जण ओळखीतून आलेले निघतील आणि त्यांचा पहिला प्रश्न तुमच्या चुलीविषयी नसून, ‘ही खरी हातमागाचीच आहे ना?’ हा असेल. अंदाज चुकीचा ठरला तरी वही तुमच्या हाती राहील आणि सासऱ्यांशी बोलताना ‘आजकाल असेच असते’ यापेक्षा ती अधिक उपयोगी पडेल.

खरी-खोटी ओळखण्याच्या प्रश्नाचे उत्तर घराच्या चित्रात नाही, ते विणीत आहे. पैठणीच्या पदरावर जिथे मोराच्या मानेचा निळा संपून चोचीचा लाल सुरू होतो, तिथे विणकर आडवा धागा साडीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नेत नाही. प्रत्येक रंगाच्या तुकड्यासाठी वेगळी तिल्ली, म्हणजे त्या रंगाचा धागा गुंडाळलेली छोटी नळी असते. ती आपल्या हद्दीपर्यंत जाते, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकते आणि परत फिरते. एका ओळीत रंग जितक्या वेळा बदलेल, तितक्या तिल्ल्या पदरावर ओळीने लटकत असतात, आणि विणकर ताण्याचे धागे बोटांनी मोजत त्यांना एकेक करून पुढे सरकवतो. म्हणून अस्सल पदराची उलटी बाजू जवळजवळ सुलट बाजूसारखीच दिसते, तर नकलेत मागे धागे मोकळे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. माझ्या मते, पदर उलटा करून हे सावकाश समजावून सांगणारे तुमचे दोन मिनिटांचे चित्रण साऱ्या स्वयंपाकघरापेक्षा जास्त विश्वास कमावील. येवला आणि पैठणच्या पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्याच मालाला ते नाव लावण्याचे कायदेशीर संरक्षण, मिळाले आहे. त्याखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून उत्पादकाला स्वतःच्या नावाची नोंद करता येते. ती तुमच्या घराने केली नसेल, तर आधी ती करावी. कापड हातमागाचे असल्याची खूण म्हणून मिळणाऱ्या हातमाग चिन्हाचीही चौकशी करावी. ग्राहकाची खात्री पटवण्याचा भार तुमच्या मुलीच्या हसऱ्या चेहऱ्यावर पडू नये.

हे विणकाम कसे चालते, हे तुम्ही रोज पाहता. तरीही ते इथे सांगितले, कारण तुमच्या पत्रातले एक वाक्य मला खटकले. “ग्राहक रोज विचारतात, आमची साडी कुठवर आली, म्हणून मी दिवसातून चार-पाच वेळा मागाजवळ जाऊन चित्रण करते.” मोजणीच्या मध्येच कोणी “जरा इकडे बघा” म्हटले, की मोजलेले धागे विसरतात. चूक तिथल्या तिथे दिसली तर ठीक. चार बोटे पुढे गेल्यावर दिसली, तर तेवढे सगळे उसवावे लागते आणि उसवलेला जरीचा धागा पुन्हा तसाच बसत नाही. तुमचे पती गप्प आहेत असे तुम्ही म्हणता. कदाचित ते मोजत असतील. हा विनोद सोडला तरी, ज्या कामात मन एका जागी ठेवावे लागते त्या सगळ्यांना हे लागू आहे. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणारा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती घोडी घासून नाद जुळवणारा कारागीर घोडीवरचा तारेचा स्पर्श कानाने पारखतो. पेणच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारा हात एका रेषेत मूर्तीचा भाव ठरवतो. अशा वेळी शेजारी उभे राहून बोलणारा पाहुणा हा नुसता पाहुणा राहत नाही. ग्राहकांना सांगून टाका, की साडी मागावर चढली की एक, पदर सुरू झाला की एक आणि साडी उतरली की एक, अशी तीनच चित्रे मिळतील. ज्याला आवर्जून साडी हातमागाचीच हवी आहे, तो हातमागाचा वेळही मान्य करील.

आता ज्या प्रश्नासाठी मला हे उत्तर मोठे करावे लागत आहे, तो तुम्ही विचारलेलाच नाही. घराचे वर्णन करताना तुम्ही लिहिले आहे, “विणकाम हे दोघे करतात, सासूबाई आणि मी मदत करतो.” सासूबाईंनी आजवर भरलेल्या कांड्या, ताण्याची टोके जुन्या ताण्याला एकेक करून जोडण्यासाठी घातलेल्या दुपारी, तुम्ही विणलेला काठ, उतरलेल्या साडीचे सुटे धागे काढणे, घडी घालणे, ग्राहकाशी बोलणे, पार्सल बांधणे, या साऱ्याला तुम्ही मदत म्हणता. २०१९-२० च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत देशात ३५ लाखांहून अधिक हातमाग कामगार नोंदले गेले आणि त्यांत सत्तर टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. त्या गणनेत प्रत्यक्ष विणणाऱ्यांबरोबरच कांड्या भरणे, ताणा करणे अशी पूरक कामे करणाऱ्यांचीही वेगळी मोजणी झाली होती, म्हणजे सरकारी कागदानेही ज्याला काम मानले आहे ते तुमच्या घरात अजून मदतीच्या खात्यावर आहे. तुम्हा दोघींची हातमाग कामगार म्हणून स्वतःच्या नावाची ओळखपत्रे आहेत का, ते पाहा. नसतील तर सरकारच्या विणकर सेवा केंद्रात किंवा वस्त्रोद्योग विभागाच्या कार्यालयात चौकशी करा, कारण योजनांची दारे बहुधा त्या कार्डावरूनच उघडतात.

आणि मग साडीची किंमत काढायला बसा. रेशीम, जर, रंगाई आणि मागावरचे दिवस एवढे धरून किंमत ठरत असेल, तर कांड्यांचे तास, काठाचे तास आणि फोनवरचे तास फुकट जात आहेत. थेट विक्रीत नफा वाढला, असे तुम्ही म्हणता. तो खरोखर वाढला आहे, की व्यापारी करत असलेले काम आता तुम्ही बिनपगारी करत आहात, हे या हिशेबाशिवाय कळणार नाही. दुसरा निष्कर्ष निघाला तर वाईट वाटून घेऊ नका. किंमत वाढवता येते किंवा काही साड्या व्यापाऱ्यालाच देऊन वेळ वाचवता येतो. दोन्ही मार्ग प्रतिष्ठेचे आहेत.

घरातली कला बाहेर जाताना घरातली नावे कशी गळतात, याचे एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डहाणू-तलासरीकडच्या वारली घरांत लग्नाच्या वेळी भिंतीवर चौक, म्हणजे लग्नविधीचे चौकोनी चित्र, लिहिण्याचा मान सवाशिणींचा असे. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांतून ही चित्रे कागदावर आली, आणि वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी ती आपल्या प्रतिभेने कुठल्या कुठे नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मशे यांचा मोठेपणा निर्विवाद आहे. तरीही, चित्र भिंतीवरून कागदावर उतरले तेव्हा पुढची बरीच वर्षे प्रदर्शनांत झळकलेली नावे मुख्यतः पुरुषांची होती, आणि पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिणाऱ्या बायकांची नावे कुणी टिपून ठेवली नव्हती. तुमच्या घरी कॅमेरा येईल तेव्हा तो साहजिकच मागावर बसलेल्या माणसाकडे वळेल, कारण चित्र तिथे चांगले मिळते. रहाटाशी बसलेल्या सासूबाई पार्श्वभूमीत जातील आणि चित्रण चालू असताना चहा करणाऱ्या तुम्ही चौकटीतच नसाल.

शहरातले काही चित्रकार-शिल्पकार वाचकही मला या स्वरूपाची पत्रे लिहितात. दिवाणखान्यातच स्टुडिओ आहे, लोकांना तो सुंदर दिसावा अशी अपेक्षा असते, आणि ती सजावट करण्यात कामाचा वेळ जातो. त्यांना मी चित्रकार सुधीर पटवर्धन यांच्याकडे बोट दाखवते. त्यांनी २००५ पर्यंत ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय केला आणि त्याच काळात रेल्वे, इराणी हॉटेले, रस्ते, कामगार वस्त्या यांची ती मोठी चित्रे रंगवली. त्यांच्या निर्मितीप्रक्रियेविषयी जाणून घ्यायचे असेल, तर दवाखान्याचे तास आणि कॅनव्हासचे तास यांची वाटणी कशी झाली असेल, हा प्रश्न मला त्यांच्या स्टुडिओतल्या खिडकीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. कलाकाराच्या घराविषयीचे कुतूहल गैर नाही. मात्र त्या कुतूहलाला बहुधा सुबक कोपरा हवा असतो, आणि काम घडते ते वेळेच्या ओढाताणीत, जी छायाचित्रात येत नाही.

मुलीविषयी थोडक्यात लिहिते, कारण इथे मला फारशी दुविधा वाटत नाही. तिची चित्रे काढून टाका. शाळा सांभाळून घरच्या कामात तिने हात लावण्याला कायद्याची आडकाठी नाही आणि तिला आवडत असेल तर ती विणायलाही शिकेल. पण अनोळखी लोक “पुढची पिढी तयार झाली” असे तिच्या चित्राखाली लिहितात, तेव्हा तिचे आयुष्य तिने ठरवण्याआधी ते ठरवून मोकळे होतात. ती मोठी होऊन अभियंता झाली, तर तिने परंपरा मोडली असे होऊ नये आणि मागावर बसली, तर ते कुणी वर्तवले होते म्हणून होऊ नये.

हे सगळे झाल्यावर सासऱ्यांशी बोला, आणि शक्यतो पती व सासूबाई समोर असताना बोला. छायाचित्रकाराचा विषय काढूनच सुरुवात करू नका. वही पुढे ठेवा, किंमतीचा हिशेब दाखवा आणि विचारा, की अण्णा, काय दाखवलेले चालेल आणि काय नको. कोणता माग, कोणती नक्षी, घराची कोणती बाजू, दिवसाची कोणती वेळ. बोलण्याची सवय नसलेला माणूस सरसकट हो-नाहीपेक्षा अशा बारीक प्रश्नांना मोकळेपणाने उत्तर देतो. त्यांनी एखाद्या खोलीला ठाम नकार दिला, तर तो नकार पाळा. ती त्यांचीही खोली आहे. दुसरीकडे, तुमचे पानच बंद करा असे ते म्हणाले, तर तुम्हीही नम्रपणे पण स्पष्टपणे नाही म्हणू शकता, कारण ते काम तुमचे आहे आणि वहीत त्याची मिळकत दिसते. पतींच्या मौनाला संमती समजू नका आणि विरोधही समजू नका. त्यांच्या मागावरून वेळ जातो आहे, तेव्हा त्यांनी आपले मत शब्दांत सांगितलेच पाहिजे.

छायाचित्रकाराला तोवर एक साधे पत्र पाठवता येईल. दोन दिवसांऐवजी एक दिवस, तोही एक साडी उतरून दुसरी चढण्याच्या मधला, असे सुचवा. त्या दिवशी ताणा जोडण्याचे काम चालते आणि ते कुणी फारसे दाखवत नाही. मागाचा जेवढा वेळ खोळंबेल तेवढी मजुरी मागा, संकोच करू नका. आपल्या कायद्यानुसार मोबदला देऊन काढून घेतलेले नसेल, तर छायाचित्राचे हक्क साधारणपणे छायाचित्रकाराकडे असतात. म्हणून ही चित्रे कुठे छापली जातील, जाहिरातीत वापरली जातील का, आणि तुमच्या पानासाठी त्यातली किती मिळतील, हे आधी लेखी घ्या. छापण्यापूर्वी मजकूर वाचायला द्यावा, अशीही अट घाला. चांगला व्यावसायिक या अटींना बिचकणार नाही, आणि जो बिचकेल त्याला घरात न घेतल्याने तुमचे काही बिघडणार नाही. सासूबाईंना विचारून त्यांची तयारी असेल, तर ताणा जोडतानाचे त्यांचे चित्र घ्यायला सांगा, आणि त्याखाली ‘विणकराची पत्नी’ असे न लिहिता त्यांचे पूर्ण नाव व त्या करत असलेले काम छापायचे, ही अट त्याच पत्रात सर्वांत वर लिहा.